इस्ट्रोजेन-ग्राही बीटाचा मेंदूतील नकाशा: प्रतिपिंडावर विसंबावे का?

प्रश्न: हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूच्या तळाकडील, संप्रेरकांचे नियमन करणाऱ्या भागात) बीटा ग्राही, म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला बांधणाऱ्या अल्फा आणि बीटा या प्रथिनांपैकी दुसरे, शोधताना आमच्या प्रतिपिंडाने (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या रेणूने), बीटा ग्राहीचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पेशीही रंगवल्या. मग वितरणाचा नकाशा कशाच्या आधारे काढावा?

उत्तर १: तो प्रतिपिंड दुसऱ्याच कशाला तरी चिकटतो आहे, म्हणून बाजूला ठेवावा. बीटा ग्राही १९९६ मध्ये रॅटच्या प्रोस्टेटमधून ओळखला गेला आणि त्याच्या प्रतिपिंडांविषयीच्या तक्रारी नव्या नाहीत. म्हणून इन सिटू हायब्रिडायझेशनने (प्रोब, म्हणजे पूरक क्रमाचा खुणेचा तुकडा, वापरून ऊतीच्या छेदातच शोध घेण्याच्या पद्धतीने) थेट संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून तयार होणारी प्रत) शोधणे मला अधिक भरवशाचे वाटते. रॅटमध्ये अल्फाचा संकेत आर्क्युएट आणि व्हेंट्रोमेडियल केंद्रकांत (केंद्रक म्हणजे येथे हायपोथॅलॅमसमधील चेतापेशींचा समूह) ठळक असतो, तर पॅराव्हेंट्रिक्युलर आणि सुप्राऑप्टिक केंद्रकांत बीटा प्रबळ असतो. एवढा फरकही छेदांत दिसला नाही, तर आधी प्रोबवरच संशय घ्यावा. सेन्स प्रोबचे (आरएनएसारखाच क्रम असल्याने त्याला न चिकटणाऱ्या प्रोबचे) नियंत्रण कंटाळा आला तरी वगळू नये.

उत्तर २: मादी वापरत असाल तर मदचक्राची (मादीच्या प्रजनन-चक्राची) अवस्था नोंदवावी, कारण इस्ट्रोजेन स्वतःच व्हेंट्रोमेडियल केंद्रकातील अल्फाचा आरएनए घटवते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मात्र आरएनए आढळला म्हणून प्रथिन तेथे असेलच असे नाही, ही मर्यादा आम्ही आकृतीखाली लिहू.

उत्तर १: अवश्य लिहावी.