खाणींच्या डंपांवरील जंगल : कुरतडलेल्या पानांची नोंद हवी का?

प्रस्ताव
गोव्यातील डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांत लोहखनिजाच्या डंपांवर, म्हणजे खाणीतून काढलेल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर, वर्षानुवर्षे ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली गेली आणि किती रोपे जगली एवढ्यावरच लागवडीचे यश ठरत आले. माझे म्हणणे असे, की पुनर्वनीकरणाच्या आराखड्यात पाने खाणाऱ्या कीटकांची नोंद बंधनकारक असावी. उष्णकटिबंधीय अरण्यात पानांचा साधारण दहावा हिस्सा कीटकांच्या पोटात जातो. त्याच अळ्यांवर पक्षी आपली पिल्ले वाढवतात आणि अळ्यांच्या विष्ठेतून नत्र मातीत परततो. आपला राज्यवृक्ष माट्टी, म्हणजे ऐन, टसर रेशमाच्या अळीचेही खाद्य आहे. अकेशियाच्या रानात मात्र भर पावसाळ्यातही कुरतडलेले पान शोधावे लागते. त्याला हिरवे आच्छादन म्हणा. जंगल म्हणायला माझी तयारी नाही.

प्रतिसाद : रोपवाटिकाचालक, सांगे
पहिल्या पावसात डंपाची माती खालच्या भातशेतीत उतरते, तेव्हा शेतकरी अळ्यांची चौकशी करत नाही. अकेशिया निकस मातीत तग धरते, मुळांतील जिवाणूंच्या साहाय्याने नत्र स्थिर करते आणि उतार धरून ठेवते. वीतभर रोपाला पाने असतात जेमतेम सहा, त्यांतली चार अळीने खाल्ली तर उरले काय? केरळात निलंबूर येथील कोवळ्या सागाच्या लागवडीत पानखाऊ अळीमुळे लाकडाची संभाव्य वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले होते. असे नुकसान आपण यश म्हणून मोजायचे?

प्रतिसाद : वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, डिचोली
निलंबूरचा दाखला रोपवाटिकाचालकांवरच उलटतो, कारण ती एकाच जातीची लागवड होती. परिसंस्थांचे अभ्यासक जान्झेन यांनी १९७० मध्ये आणि कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे मांडले, की ठरावीक झाडावर जगणारे कीटक मातृवृक्षाजवळची त्याच जातीची रोपे मारतात, त्यामुळे इतर जातींना जागा मिळते आणि वनाची विविधता टिकते. माट्टी, किंदळ, जांबा, नाणा, कुंभा ही स्थानिक झाडे मिसळून लावल्यास एका अळीला सगळे रान मोकळे मिळत नाही.

प्रस्तावकर्त्यांशीही माझा मतभेद आहे. खाल्लेल्या पानांचा नुसता आकडा फसवा ठरेल, कारण एकाच किडीने फस्त केलेली लागवड त्या मोजणीत पहिली येईल. किती प्रकारचे कीटक किती जातींच्या झाडांवर आढळतात, हे पाहून त्याची तुलना म्हादई अभयारण्यातल्यासारख्या जवळच्या नैसर्गिक वनाशी करावी.

प्रस्तावकर्ता
ही दुरुस्ती मान्य आहे. कोवळ्या रोपांना वगळावे. झाडे पुरुषभर उंचीची झाल्यावर खुणा केलेल्या फांद्यांवरील पाने जून ते सप्टेंबरमध्ये तपासावीत. उतार अस्थिर असेल तिथे आरंभी अकेशिया राहू द्यावी, मात्र ती टप्प्याटप्प्याने विरळ करण्याची तारीख आराखड्यातच लिहावी.

प्रतिसाद : रोपवाटिकाचालक, सांगे
तारीख लिहिली जाईल हो, पण एकदा उतार हिरवा झाला की विरळणीसाठी पैसा कोण देतो? शिवाय ठेकेदाराचे बिल जगलेल्या रोपांवर निघत असेल, तर अळी दिसताच तो फवारणी करणार आणि आपली नोंदवही कोरी राहणार. आधी देयकाची अट बदला, नाणा-किंदळाचे बियाणे वेळेवर गोळा करण्याची सोय करा, मग पाने मोजायला मी स्वतः येईन.