मदत हवी आहे: साइड क्वेस्टमुळे (मुख्य कथेबाहेरच्या ऐच्छिक कामामुळे) गेमचा शेवट बदलावा का?
आम्ही दोघं मोबाइलसाठी गेम बनवतोय. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला निघालीय, साधारण ३ तासांची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या आजींचं काम ऐच्छिक आहे. ते केलं नाही तर शेवटी आजी सही करत नाहीत आणि रहिवासी फुटतात. ६ मित्रांना खेळायला दिला. चौघांनी आजींना टाळलं आणि शेवट बघून चिडले. संवादात सूचना घालून पाहिली, तरी कोणी थांबलं नाही. नकाशावर खूण नकोय, दारं ठोठावून माणसं शोधण्यातच तर मजा आहे.

'मास इफेक्ट २' या गेममध्ये लॉयल्टी मिशन (साथीदारांची ऐच्छिक कामं) टाळली तर साथीदार मरू शकतात, पण शेवटची मोहीम जीवघेणी आहे हे तिथे आधीपासून बजावलेलं असतं.

नव्या कटसीनला (खेळ थांबवून दाखवायच्या प्रसंगाला) पैसे नाहीत. मग खेळणाऱ्याला वेळेत इशारा कसा द्यावा, की आजींचं काम सरळ मुख्य कथेतच घ्यावं?