शब्दचर्चा : दगडी नांगर आणि जहाजफुटी

प्रश्न : द्वारका आणि विजयदुर्ग येथील पाण्याखालच्या संशोधनाविषयी वाचताना ‘दगडी नांगर’ हा शब्दप्रयोग आढळला. नुसत्या दगडाला नांगर कसे म्हणावे? आणि तो सापडला त्या जागेस ‘जहाजफुटीची जागा’ म्हणणे योग्य ठरेल काय?

पहिले उत्तर : तळाशी रुतून गलबताला धरून ठेवते ते दर्यावर्दींच्या लेखी नांगरच, मग ते लोखंडाचे असो वा दगडाचे. शिवाय तो नुसता दगड नव्हे. द्वारकेपासून इराणच्या किनाऱ्यावरील सिराफपर्यंत मिळणारा एक प्रकार पाहण्याजोगा आहे : चौरस छेदाचा, वर निमुळता होत गेलेला लांबट दगड, माथ्याशी दोरासाठी गोल भोक आणि खाली एकमेकांशी काटकोनात आरपार कोरलेली दोन चौकोनी भोके. या भोकांत लाकडी दांडे ठोकलेले असत आणि तेच तळाची वाळू पकडत. दांडे कुजून गेल्यामुळे आज हाती लागतो तो अर्धाच नांगर.

दुसरे उत्तर : ‘जहाजफुटी’ ही घटना आणि ‘भग्न जहाज’ ही वस्तू, हा भेद पाळावा. गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफा आणि चिनी मातीची भांडी मिळाली. हा सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचा माल असल्याने तेथे ‘जहाजफुटीचे अवशेष’ म्हणावे. ‘बुडालेले जहाज’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे शिडाडोलकाठीसह अखंड गलबत उभे राहते, आणि तसे आपल्या उथळ, उष्ण पाण्यात क्वचितच टिकते. (गोव्याच्याच सेंट जॉर्ज खडकापाशी मिळालेल्या, बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या कौलांवर १८६५ हा आकडा आहे, पण ते मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष, जहाज फुटल्याचे नव्हे. छापील शब्दही असा जपूनच वाचावा लागतो.)

पहिले उत्तर, पुढे चालू : प्रश्नाचा दुसरा भाग राहिला होता. नांगर खडकात अडकला आणि वारा फिरला, तर तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, दोर कापून गलबत वाचवी, म्हणून एकाच ठिकाणी अनेक नांगर मिळाले आणि माल किंवा तोफा काहीच मिळाले नाही, तर त्या जागेस ‘नांगरवाडा’, म्हणजे जहाजे नांगरून राहण्याची जागा, म्हणणेच अधिक बरोबर.