मदत हवी आहे: जमिनीवरच्या सोलरला अ‍ॅल्युमिनियमचं स्ट्रक्चर घ्यावं की जीआयचं?

मांद्रेचा_माड
नमस्कार मंडळी. 540 वॅटची 10 पॅनेल बागायतीत जमिनीवर बसवायची आहेत. दोन कोटेशन आली, एक अ‍ॅल्युमिनियमचं, एक जीआयचं (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचं). अ‍ॅल्युमिनियमवाल्याचा आकडा 22 हजारांनी जास्त. जीआयवाला म्हणतो अ‍ॅल्युमिनियम वाऱ्यात वाकतं, अ‍ॅल्युमिनियमवाला म्हणतो जीआय तीन पावसांत गंजतं. शनिवारी अ‍ॅडव्हान्स द्यायचा आहे. कुठलं घेऊ एवढंच सांगा.

फोंडेकर
छपरावर का नाही बसवत? जमीन अडकते, गुरं शिरतात, गवत वाढतं. माझी 3 किलोवॅटची छपरावर आहेत, काही त्रास नाही.

साखळीचा_फॅब्रिकेटर
जीआयच घ्या. पण त्या कोटेशनमध्ये जीआय म्हणजे नक्की काय लिहिलंय ते बघा. बाजारातला पत्र्याचा पाईप आणून कापतात, वेल्डिंग करतात आणि वर चंदेरी रंग मारतात. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेलं असतं, गंज तिथूनच सुरू होतो. आधी सगळं कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग, आणि मग अख्खा सांगाडा हॉट डिपला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला, हा क्रम हवा. थर किमान 80 मायक्रॉन. मी असंच करून देतो.

पर्वरीची_इंजिनीअर
माडबाब, घर समुद्रापासून किती लांब? जमीन चिऱ्याची (जांभ्या दगडाची) की रेवेची? पाय किती? बोल्ट कसले? हे कळल्याशिवाय सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

कुळागर_2
पॅनेल धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात. पहाटे साधं पाणी आणि मऊ कापड. तापलेल्या काचेवर थंड पाणी कधीच नको.

फोंडेकर
आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट किंवा त्याहून जास्तला 78,000 रुपये सबसिडी मिळते, ती घेतली का? पॅनेल भारतीय सेलचीच लागतात.

मांद्रेचा_माड
सबसिडी आणि धुणं नंतर बघू, प्लीज. छप्पर मंगलोरी नळ्यांचं, वासे आजोबांच्या वेळचे, म्हणून जमिनीवर. समुद्र सहाशे मीटरवर, मध्ये माड. हातभर मातीखाली चिरा. दोन्ही कोटेशनमध्ये पाय 4. अ‍ॅल्युमिनियमवाल्याने ‘अ‍ॅल्युमिनियम सेक्शन, एसएस फास्टनर’ (म्हणजे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट) एवढंच लिहिलंय.

पर्वरीची_इंजिनीअर
सहाशे मीटर हे आधी सांगायला हवं होतं. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमची बाजू नक्कीच बळकट आहे, पण कुठलंही नव्हे. 6063-टी6 किंवा 6005 मिश्रधातू, अ‍ॅनोडाइज केलेला (विजेने वर ऑक्साइडचा थर चढवलेला) आणि तो थर किती मायक्रॉन, हे कोटेशनवर लिहून घ्या.

त्याहून मोठा प्रश्न पायांचा. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण 93 किलो. तुमचं एक पॅनेल अडीच चौरस मीटरच्या वर, म्हणजे एकेकावर 240 किलो. पॅनेलचं वजन जेमतेम 28 किलो. गुणकांनी हा आकडा कमी-जास्त होईल, पण वारा खालून शिरला की उचलतो, हे धरूनच चालायचं. दीड बाय दीड फुटाचा, अडीच फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला तर पावणेचारशे किलो होतात. चार पायांचे मिळून दीड टन, आणि दहा पॅनेलांवरचा वारा चोवीसशे किलो. चिऱ्याची पकड धरली तरी चार पायांच्या नकाशावर मी सही करणार नाही.

साखळीचा_फॅब्रिकेटर
मॅडम, पाय वाढवा हे मान्य. पण अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा तिप्पट लवचीक असतं, हे पण सांगा ना. त्याच मापाचा सेक्शन घेतला तर दोन पायांमध्ये झोळ पडणारच. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा माड आडवे झाले होते, ते विसरून चालणार नाही.

पर्वरीची_इंजिनीअर
अगदी बरोबर. म्हणून सेक्शन जाड घ्यायचा नाहीतर अंतर कमी करायचं. मेस्तबाब, तुमचं हॉट डिप मी पायांसाठी घेईन आणि वरच्या रेल (पॅनेल धरणाऱ्या आडव्या पट्ट्या) अ‍ॅल्युमिनियमच्या. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना फारसं खात नाहीत. उघडं लोखंड मात्र अ‍ॅल्युमिनियमला टेकता कामा नये. सगळंच अ‍ॅल्युमिनियमचं घेतलंत तर काँक्रीटमध्ये जाणाऱ्या भागाला डांबरी रंग लावा, ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियम खातं.

कळंगुटची_बाय
माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचंच आहे, दोन पावसाळे झाले. रेल अजून लखलखीत. पण प्रत्येक क्लँपखाली तांबूस ओघळ उतरलेत, आणि बोल्टच्या भोकाभोवती पिठासारखी पांढरी पूड. नखाने खरवडली तर खाली खड्डे. एसएस म्हणून सांगितलेल्या बोल्टला फ्रीजवरचं चुंबक लावलं, टपकन चिकटलं. साधं लोखंड, वर जस्ताचा मुलामा.

पर्वरीची_इंजिनीअर
ताई, फार मोलाचं सांगितलंत. माडबाब, बोल्टच्या डोक्यावर ठसा असतो. ए2 म्हणजे 304 जातीचं स्टेनलेस स्टील, ए4 म्हणजे 316 जातीचं. समुद्राजवळ ए4 घ्या. नट जाम होऊ नये म्हणून आट्यांना अँटीसीझ पेस्ट. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज अडवतो, तेव्हा अर्थिंगला तो थर भेदणारे दातेरी वॉशर लागतील. आणि 6 मीटरची रेल रात्रीच्या 20 अंशांवरून दुपारी 60 वर गेली की साडेपाच मिलिमीटर वाढते, जोडाला फट ठेवायला सांगा.

कुळागर_2
तिरपेपणा 25 अंश ठेवा, पाऊस चांगला ओघळतो.

पर्वरीची_इंजिनीअर
25 नको. आपलं अक्षांश साडेपंधरा, दक्षिणेला तोंड करून 15 अंश पुरे. जास्त उभं केलं की वारा जास्त धरतं.

मांद्रेचा_माड
आत्ताच अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडून बोल्टचा फोटो मागवला. डोक्यावर ए2-70 आहे. ए4 घालून किती वाढतील विचारलं, उद्या सांगतो म्हणाला. मेस्तबाब, फक्त 6 पाय हॉट डिप करून द्याल का? अ‍ॅडव्हान्स मंगळवारवर ढकललाय. उद्या सकाळी एक खड्डा खणून बघतो, चिरा किती खोलावर घट्ट लागतो ते इथेच कळवतो.

साखळीचा_फॅब्रिकेटर
देतो. रेलचं माप आणि भोकांचं अंतर पाठवा. एकदा डिप झाल्यावर भोक पाडायला लावू नका.