मदत हवी आहे : "तू एकटी गेलीसच कशाला" याला काय उत्तर द्यायचं?

माझ्या मावसबहिणीवर काही महिन्यांपूर्वी भरदिवसा एका अनोळखी माणसाने चाकूहल्ला केला, ना भांडण ना ओळखदेख. हाताची जखम भरली, पण आता ती दाराची कडी लावून परत परत ओढून बघते, मागून पावलं वाजली की भिंतीला पाठ लावून उभी राहते. आणि भेटायला येणारे विचारतात, ओरडली का नाहीस? अहो, भीतीने शरीर गोठतं, घशातून आवाजच फुटत नाही, ते आपल्या हातात नसतं!

लर्नर आणि सिमन्सचा १९६६ चा मानसशास्त्रातला प्रयोग वाचला, विजेचे झटके बसणाऱ्या बाईला (झटके खोटे होते, बघणाऱ्यांना माहीत नव्हतं) वाचवता येईना तेव्हा लोक तिलाच कमी लेखायला लागले. नीट वागलं की काही होत नाही हा विश्वास टिकवायचा म्हणून दोष तिच्याच माथी.

पण बहीण म्हणते, चूक माझी असती तर बरं होतं गं, सुधारली असती. यावर काय बोलायचं तेच सुचत नाही मला. सावध राहावं, लोकेशन शेअर करावं, सगळं मान्य, पण समोरच्याने ठरवलंच असेल तर ते कुठवर पुरणार?

कोणी यातून गेलंय का? परत बाहेर पडायला सुरुवात कशी केलीत, आणि सेल्फ डिफेन्सचा क्लास आत्ताच लावावा की आधी काउन्सेलर?