रोई मिळाला, पण कालवण नाही
हवाईत भाल्याने मारलेला मासा बिनधास्त खावा का? सगळेच मासे नाही. हवाईच्या ओआहू बेटावर माझ्या पहिल्या खेपेला हातात तीन टोकांचा साधा भाला होता, मागे रबराचा फास. तो अंगठ्यात अडकवून ताणायचा, मूठ सैल केली की भाला सुटतो. पहिले चार नेम खडकावर. मास्कमधून मासा असतो त्यापेक्षा जवळ दिसतो ना! पाचव्याला रोई लागला, तपकिरी अंगावर निळे ठिपके. आपल्या गोब्र्याचाच भाऊबंद. १९५६ साली ताहितीजवळच्या मूरेआ बेटावरून आणून सोडलेला, इथले मासे फस्त करतो, म्हणून स्थानिक म्हणतात खुशाल मारा. पण त्यात सिग्वाटेराचं विष असू शकतं आणि ते शिजवूनही जात नाही. तिरफळं मी घरून नेली होती, तशीच परत आली.