मंडईचं नाटक, सारं घर: काय न्याल, कुठं बसाल?

बांधावरची
आज गोधड्या उन्हात टाकल्या न् एकदम मंडई आठवली. भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात) गावोगाव मंडई, म्हणजे दिवसा जत्रा, न् रात्री नाटक. लेकी-जावई, म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, सारे निघतात. माहीत असलेलं इथं टाका, नव्या सुनांच्या कामी येईल.

बसायचं मी सांगते. दिवाळीच्या आसपास हलकं (लवकर येणारं) धान निघालेलं असते, पण जिथं बसायचं त्या बांधीतली (धानाच्या शेतातली) ओल गेलेली नसते. नुसती सतरंजी टाकली की दोन तासांत खालून गार. आधी चार बोटं तणस (धानाचा पेंढा), त्यावर ताडपत्री, मग चुंगड्या (पोती), वर सतरंजी. तणस वर ठेवाल तर अंगाले खाज सुटते न् सतरंजी घसरते. तणसाजवळ बिडी कोणाले पेटवू देऊ नका.

वडसेकर
पत्रिकेत ९ लिहिलं तरी उद्घाटन, सत्कार होऊन पडदा साडेदहाच्या पुढंच. लेकराइले दुपारी झोपवा, ८ ले जेवू घाला.

खासरवाला
जागा स्टेजपासून १०-१२ हात मागं, मधोमध. अगदी पुढं वाद्यवाले असतात, मान वर करून करून दुखते. आवाजाच्या बॉक्ससमोर तान्हं लेकरू नेऊच नका. जनरेटरच्या बाजूनं धूर येतो न् संवाद ऐकू येत नाही. मंडपाचा खांब आडवा येतो का, हे उजेडात पाहून ठेवा.

सिंगाडेवाली
दिवसा मंडईत सिंगाडे घ्या, रात्री चघळायले बरे. हिरवे कच्चे खायचे, उकडलेले काळे पडतात पण पोट भरते. टोचरे काटे आधी काढून ठेवा, अंधारात बोटात जातात.

पवनीचा
ताई, उकडताना मीठ टाकता का?

सिंगाडेवाली
हो दादा, मूठभर. पाणी सिंगाडे बुडेपर्यंत. उकळी आल्यावर अर्धा तास.

रात्रपाळी
थंडीचं कोणी लिहिलंच नाही. मध्यरात्रीपर्यंत काही वाटत नाही, खरा गारठा ३ नंतर. दव पडून वरचं पांघरूण ओलं होते, म्हणून घोंगडं वर न् गोधडी आत. म्हाताऱ्या माणसांचे कान न् पाय आधी झाका. लेकराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी पाहिजेच. गेटवरचा तिकिटाचा तुकडा फेकू नका, लघवीले जाऊन आल्यावर तोच दाखवा लागते.

धानाची माय
नाटक आपल्याच गावात असलं तर घर पाहुण्यांनी भरते. २० माणसांले ३ किलो तांदूळ न् ४ किलो मटण लागते. भात दोन गंजात (पातेल्यात) शिजवा, एकाच मोठ्या गंजात खालचा लागते न् वरचा कच्चा राहते. सोयरीक पाहायले आलेले पाहुणे असतील तर त्याइचं ताट आधी वाढा बाई!

पवनीचा
सोयरिकी तर मंडईतच जुळतात आपल्याकडं 🙏

जंगलकाठ
सगळ्यात महत्त्वाचं, परतीचं. नागभीड, ब्रह्मपुरीकडं वाघ, न् २०२१ पासून गडचिरोलीत रानटी हत्तीही आहेत. ३ वाजता दुचाकीवर निघू नका, उजाडेपर्यंत मांडवातच थांबा. ट्रॅक्टरनं जात असाल तर ट्रॉलीले मागं लाल दिवा पाहिजे. पहाटे धुक्यात मागच्या गाडीले ट्रॉली दिसत नाही. मडगार्डवर कोणाले बसवू नका, पेंग आली की माणूस सरळ चाकाखाली.

वडसेकर
लाख बोललात. न् नाटक अर्ध्यात सोडून तसंही जाऊ नये, शेवटचा अंक खरा असते. याच झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा वडशात केवढा आनंद!

खासरवाला
शंकरपटाची (बैलांच्या शर्यतीची) तारीख कोणाले ठाऊक आहे का? भारी (उशिरा येणारं) धान अजून उभंच आहे, चुरणी (मळणी) झाल्याशिवाय बैल मोकळे होत नाहीत.

बांधावरची
पटाचा वेगळा धागा काढा दादा. इथं कोणीतरी चहाचं सांगा, २५ कप थर्मासमध्ये पहाटेपर्यंत गरम राहते का?

रात्रपाळी
आधी उकळत्या पाण्यानं थर्मास विसळा, मग काठोकाठ भरा. अर्धा भरला की लवकर निवते. दुधाचा नका नेऊ, फाटते. काळा न्या, अद्रक टाकून.